पुकारा

"अंजना लोहार म्हंजी तुमीच न्हवं?" सखूनं पुन्हा विचारलं.

"मीच."

"मग त्यो पट्टेवाला तुमचं नाव का वरडंना?"

आंबेरीच्या कोर्टाच्या व्हरांड्यात आम्ही दोघी भिंतीला टेकून बसलो होतो. दाराशी पट्टेवाला उभा होता. अंगानं काडी, पण आवाज असा की समोरच्या चहाच्या गाड्यावरचा माणूस हातातला कप टाकून पळत यावा. नाव कुणाचंही असो, तो ते तीनदा घ्यायचा आणि शेवटी 'हाजिर हैऽऽ' असा लांब सूर लावायचा. सकाळपासून बांधाच्या भांडणातले, पोटगीतले, दारूच्या केसमधले कितीतरी लोक त्या पुकाऱ्यासरशी धोतर नाहीतर पदर सावरत आत गेले होते. माझं नाव काही येत नव्हतं.

"साक्षीदाराला आधी आत बसू देत नाहीत," मी सखूला समजावलं. "दुसऱ्याचं ऐकून तो आपलं बदलेल म्हणून. आधी त्यांचे साक्षीदार होणार, मग आपले. तेव्हा माझं नाव."

"आन् मग तुमी समदं सांगनार."

"सगळं."

"भागीचं."

"भागीचंच."

धनगरवाड्यावरून डोंगर उतरून सखू चालत आली होती. मांडीवर फडक्यात बांधलेली भाकरी होती, ती तिनं सोडली नव्हती. भागी तिची मुलगी. सातवीत होती, आमच्या वसतिगृहात राहायची, आणि आदल्या वर्षी उन्हाळ्याच्या तोंडाला साप चावून गेली. मी त्या वसतिगृहाची रेक्टर होते. होते म्हणायचं, कारण साक्षीदार म्हणून माझं नाव पुढं आलं आणि संस्थेनं मला घरी बसवलं. कारण काय दिलं? न्हाणीमागचा लाकडांचा ढीग मी हलवून घेतला नाही, त्यात साप निघाला, म्हणून मुलीच्या मरणाला जबाबदार मी. तो ढीग उचला म्हणून सांगून सांगून माझ्या तोंडाला फेस आला होता, हे संस्थेत झाडून सगळ्यांना ठाऊक होतं. एकानंही तोंड उघडलं नाही.

खटला भागीच्या मरणाचा नव्हता, हे आधीच सांगून टाकते. तसा खटला कधी झालाच नाही. हा खटला होता अब्रूचा. आमच्या संस्थेचे अध्यक्ष भाऊसाहेब खराडे यांची अब्रू मधू तोडकरांनी घालवली, अशी फिर्याद होती. तोडकर 'हाळी' नावाचं साप्ताहिक काढायचे. छापखाना म्हणजे लग्नपत्रिका आणि पावतीपुस्तकं छापणारं एक जुनं यंत्र. त्यातून सवड मिळाली आणि कागद उरला की 'हाळी'चा अंक निघायचा. त्यात त्यांनी बातमी दिली होती, 'मुलगी गेली, गूळ आला.' भाऊसाहेबांची एकसष्टी होती. त्यांची गूळतुला करायचं ठरलं होतं. एका पारड्यात साहेब, दुसऱ्यात गुळाच्या ढेपा, आणि तो गूळ मग गोरगरिबांना वाटायचा. भागीला साप चावला तेव्हा संस्थेची एकुलती एक जीप त्या ढेपा आणायला गेली होती, म्हणून मुलीला वेळेत दवाखाना मिळाला नाही, असं तोडकरांनी लिहिलं. संस्थेचं म्हणणं, जीप आवारातच होती, मुलीला तातडीनं नेलं, पण दैवापुढं इलाज चालला नाही.

खरं काय ते मला माहीत होतं. तोडकरांनी लिहिलं त्यापेक्षा ते वाईट होतं.

तोडकरांचे वकील सबनीस जिल्ह्याच्या गावाहून यायचे. माझी हकीकत त्यांनी एकदाच ऐकली, चष्मा काढून पुसत बसले आणि म्हणाले, "लोहारबाई, हे हुकमाचं पान आहे. पिंजऱ्यात उभ्या राहीपर्यंत कुणाला दाखवायचं नाही. त्यांच्या कानावर गेलं तर ते उत्तर तयार करून येतील."

"भागीच्या आईला तरी सांगते. ती सारखी विचारते."

"तिला तर मुळीच नाही. आई आहे, चार बायकांत बोलून जाईल. कोर्टात ऐकू दे तिला, सगळ्यांबरोबर."

म्हणून बाजारच्या दिवशी सखू भेटली की विचारायची, "बाई, कसं झालं वो त्ये?" आणि मी म्हणायची, "कोर्टात सांगेन, सखू." बिचारी मान डोलवायची. तिला वाटायचं, कोर्टात बोललेलं खरं कायमचं खरं राहतं. मलाही तसंच वाटत होतं. शिकल्यासवरल्याचा मला तेवढाच उपयोग.

त्या दिवशी फिर्यादीचे साक्षीदार होते. पहिला हिंदूराव चव्हाण, संस्थेचा उपाध्यक्ष. आम्ही दाराला लागूनच होतो, दार उघडं होतं, आणि हिंदूरावचा आवाज जन्मभर सभा गाजवून कमावलेला. व्हरांड्यातच काय, तो शेजारच्या पोस्टातही पोचला असेल.

अब्रू गेली हे शाबीत करायचं तर कुणीतरी शपथेवर सांगावं लागतं की, बातमी वाचली आणि या माणसाबद्दलचा माझा आदर कमी झाला. त्यांच्या वकिलानं हिंदूरावकडून ते घोकून घेतलं होतं. पण तो वकील बाहेरगावचा. एक गोष्ट त्याच्या ध्यानात आली नाही. भाऊसाहेब स्वतः समोर खुर्चीवर बसले होते, आणि भाऊसाहेबांच्या तोंडावर 'तुमच्याबद्दलचा आदर कमी झाला' म्हणेल अशी जीभ आमच्या तालुक्यात तोवर निपजली नव्हती.

सबनीस उलटतपासणीला उठले. "बातमी वाचलीत?"

"वाचली की."

"वाचून काय वाटलं?"

"साहेबांची बदनामी झाली, आसं वाटलं." हे पाठ केलेलं होतं, लगेच कळलं.

"म्हणजे साहेबांविषयी तुमचं मत वाईट झालं."

हिंदूराव बहुतेक खुर्चीकडं बघत असावा.

"माझं? माझं कशापायी वाईट हुईल? साहेब म्हंजी आमचं दैवत हाय."

"आदर थोडा तरी कमी झाला असेल?"

"तसूभर बी न्हाई! उलट वाढला."

"मग बातमीवर तुमचा विश्वास बसला नाही म्हणायचा."

"त्या चिटोऱ्यावर?" हिंदूराव आता रंगात आला. "आवो वकीलसाहेब, त्येच्यात आमी भजी बांधून नेतो. ह्या तालुक्यात त्येच्यावर इस्वास ठेवनारा एक मानूस दावा मला, मिशी उतरवीन!"

कोर्टात हसं झालं. सबनीस म्हणाले, "मला आणखी काही विचारायचं नाही," आणि खाली बसले. त्यांचा आवाज लोण्यासारखा मऊ झाला होता.

दुसरा साक्षीदार हिंदूरावच्या वर कडी करणार हे उघडच होतं. तो म्हणाला, बातमी वाचून मी साहेबांच्या फोटोला हार घातला. तिसरा म्हणाला, साहेबांच्या विरोधातलं मी वाचतच नाही, डोळ्याला पाणी येतं. त्यांचा वकील मध्ये मध्ये खोकत होता, खाकरत होता, पण ऐकतो कोण. एकेक जण साहेबांकडं बघत होता आणि साहेबांचा खटला बुडवत होता.

मलाही हसू आवरेना. सखूनं कोपरानं ढोसलं. "काय झालं वो?"

"आपण जिंकतोय बहुतेक."

"तुमी न बोलताच?" तिनं विचारलं.

दुपारच्या सुट्टीत सबनीस मला आणि तोडकरांना आवारातल्या करंजाखाली घेऊन गेले. चहा मागवला. इतके खुशीत मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं.

"तोडकर, पेढ्यांची ऑर्डर देऊन ठेवा. त्यांच्याच माणसांनी सांगितलं, बातमीवर कुणाचा विश्वास नाही आणि आदर जागच्या जागी आहे. अब्रू गेलीच नाही, तर तुम्ही ती घालवलीत कशी? आपण बचावाचा साक्षीदार देणार नाही."

"म्हणजे अंजनाताई?" तोडकरांनी विचारलं.

"त्यांची गरज उरली नाही."

तोडकरांनी कप खाली ठेवला. हाडापेराचा माणूस, नखांत कायम शाई. "वकीलसाहेब, मी खरं लिहिलंय. मला ते खरं ठरवून पाहिजे."

"खरं असेलही. पण बाईंना पिंजऱ्यात उभं केलं की ते खरं आहे हे तुम्हाला शाबीत करावं लागेल. काय आहे तुमच्याकडं? ड्रायव्हर त्यांच्या नोकरीत आहे, तो फिरणार. राहिल्या या. यांना कामावरून काढलंय, म्हणजे डूख धरून बोलतात असं त्यांचा वकील म्हणणार. न्यायाधीशांना किंचित शंका आली की तुम्ही गजाआड. आणि यांना उभंच केलं नाही, तर आजच सुटल्यात जमा आहात."

"सुटणार कशामुळं? तर माझ्या पेपरवर कुणाचा विश्वास नाही म्हणून!"

"कशामुळं का होईना."

"जन्म गेला माझा त्या पेपरात."

"मग आता तुरुंगात काढा राहिलेला," सबनीस तुटकपणे म्हणाले. मग जरा निवळले. "अहो, कोर्ट गुन्हा झाला की नाही एवढं बघतं. तुम्हाला शाबासकी द्यायला ते बसलेलं नाही."

"आणि माझं काय?" मी विचारलं. "ती मुलगी माझ्यामुळं मेली असं लिहून ठेवलंय त्यांनी. मी वर्षभर तोंड शिवून बसले, तुम्ही सांगितलंत म्हणून."

"बाई, तुमचं दुःख मला कळतं. पण मी तोडकरांचा वकील आहे." हेही ते खरंच बोलले. तो माणूस वाईट नव्हता. त्याच्या धंद्यात तो चोखच होता, आणि त्याचाच मला जास्त राग आला.

तोडकर बराच वेळ नखातली शाई कोरत बसले. मग माझ्याकडं न बघता म्हणाले, "थोरलीचं जमत आलंय, अंजनाताई. बाप तुरुंगात गेला तर तिला कोण करून घेणार?"

मला त्यांची दया आली, आणि दया आली म्हणून आणखीच संताप आला. भाऊसाहेबांच्या नावानं बातमी छापायची छाती या तालुक्यात या एकाच माणसाला होती. तोही आता मान खाली घालून बसला होता.

"ठीक आहे," मी म्हटलं. "मी बाहेर सांगते. बाजारात उभी राहून सांगते."

"ते मात्र करू नका," सबनीस चटकन म्हणाले. "पिंजऱ्यात शपथेवर बोलला असता, तर अंगावर कायद्याचं पांघरूण होतं. बाहेर एका माणसाला जरी सांगितलंत, तरी ती बदनामी. मग खरं शाबीत करायची पाळी तुमच्यावर, एकटीवर. बोलायचं स्वातंत्र्य सगळ्यांना आहे, बाई. पण..."

"पण काय?"

"पण पुरावा बरोबर घेऊन." त्यांनी चहा संपवला आणि कोट झटकला.

सखू तिकडं व्हरांड्यात भाकरी न खाता बसली होती. "आज नाव घेणार नाहीत," एवढंच मी म्हटलं.

"मग कवा?"

"निकालाच्या दिवशी बघू."

निकालाच्या दिवशी येऊ नकोस म्हणून मी तिला निरोप धाडला होता. तरी ती आली. त्या दिवशी सगळ्यांना आत सोडलं होतं, म्हणून आम्ही मागच्या बाकावर बसलो. न्यायाधीशांनी खालच्या आवाजात निकाल वाचला. पुढच्या बाकावरच्यांनाच काय ते ऐकू गेलं असेल. सदर वृत्तावर कोणी विश्वास ठेवल्याचे दिसून येत नाही, फिर्यादीच्या लौकिकास बाधा पोहोचल्याचे सिद्ध होत नाही, सबब आरोपीस निर्दोष मुक्त करण्यात येते. झालं.

बाहेर आलो तर फटाके लागले होते. मला वाटलं, तोडकरांच्या मित्रांनी लावले असतील. लावले होतेच. पण फाटकाच्या दुसऱ्या बाजूला भाऊसाहेबांच्या लोकांनीही माळ लावली होती, आणि ती जास्त लांब होती. पळापळ करून एक फलकही आणला होता, त्यावरचा रंग अजून ओला होता: 'न्यायालयानेही मान्य केले! साहेबांची प्रतिष्ठा अबाधित!' दोन्हीकडं पेढे वाटणं चाललं होतं. आंबेरीत पेढेवाला एकच, त्यामुळं दोन्हीकडचे पेढेही एकाच कढईतले. पुढच्या 'हाळी'त तोडकरांनी मोठ्या टायपात मथळा दिला, 'सत्याचा विजय'. तो अंक मी आजवर उघडलेला नाही.

तोडकरांच्या कुठल्याशा मित्रानं सखूच्या हातावर पेढा ठेवला. चार पावलांवर हिंदूराव उभा होता, त्यानंही एक ठेवला. "घे की सखू. साहेबांची अब्रू शाबूत राहिली."

दोन हातांत दोन पेढे घेऊन ती माझ्याकडं आली. "बाई, निकालात भागीचं नाव घेतलं का वो? मला नीट ऐकूच आलं न्हाई."

"नाही घेतलं."

"कशी मेली म्हनून लिवलं?"

"काहीच नाही लिहिलं, सखू."

"मग येवढं कागूद कशाचं हुतं?"

"साहेबांच्या अब्रूचं."

तिनं ते मनातल्या मनात फिरवून बघितलं. लोक पांगत होते. संस्थेची जीप फाटकाशी लागली होती, तीच जीप, आणि हिंदूराव तिला टेकून पेढ्याचं रिकामं खोकं चेपत उभा होता. बोललं तर त्याला सहज ऐकू जाणार होतं.

"आता तरी सांगा," सखू म्हणाली.

मी हिंदूरावकडं पाहिलं. सबनिसांचं पांघरूण आठवलं. मला भीती वाटत होती. खोटं कशाला बोलू.

मी गप्प राहिले, त्याचा सखूनं आपल्या परीनं अर्थ लावला. तिला वाटलं, पुकारा झाल्याशिवाय साक्षीदाराला बोलता येत नाही. तिनं दोन्ही पेढे व्हरांड्याच्या कठड्यावर ठेवले. लुगड्याला हात पुसले. दाराशी, पट्टेवाला उभा राहायचा तिथं जाऊन उभी राहिली आणि डोंगरावर मेंढरांना घालावी तशी हाक घातली.

"अंजना लोहाऽर! अंजना लोहाऽर! अंजना लोहार हाजिर हैऽऽ?"

आवारातली सगळी माणसं वळली. पट्टेवाला आतून धावत आला आणि तिला बघून तिथंच थबकला. कुणी हसलं नाही.

"हजर," मी म्हटलं. मग पिंजऱ्यात उभी राहिले असते तशी ताठ उभी राहिले आणि सांगितलं.

"जीप गूळ आणायला गेली होती हे खरं. पण ती परत आली होती, सखू. ऊन कलायच्या आत परत आली होती. भागी तेव्हा शुद्धीत होती. ओसरीवर माझ्या मांडीवर डोकं ठेवून पडली होती. भाऊसाहेब तुलेचा मांडव बघायला आले होते. मी तिला ओसरीवर ठेवून पळत गेले. म्हटलं, साहेब, पोरीला साप चावलाय, जीप द्या. ते म्हणाले, देऊ की, आधी ढेपा उतरवून घ्या. मी म्हटलं, ढेपा राहू द्यात, कडेला सारून तिला बसवते. तर म्हणाले, अहो बाई, रस्ता खराब आहे, हादऱ्यानं ढेपा फुटतील. फुटलेली ढेप पारड्यात शोभत नाही. नीट उतरवा रे, एकेक करून. आणि दोन-दोन गडी लावून, तान्हं मूल उचलावं तशी एकेक ढेप उतरवली. मी ओरडत होते. कुणी माझ्याकडं बघत नव्हतं. भागी बघत होती. मी परत तिच्यापाशी आले तर म्हणाली, बाई, आजून किती ऱ्हायल्या? मग मला राहवलं नाही. जीपवर चढले आणि एक ढेप खाली लोटून दिली. ती फुटली. साहेब रागावले नाहीत. म्हणाले, असू दे, फुटलेली बाजूला काढा, गरिबाघरी होईल. मग जीप मोकळी झाली. आंबेरीच्या अलीकडं, पुलावर भागी गेली. माझ्या हातात."

सखू रडेल असं मला वाटलं होतं. ती रडली नाही. कसला तरी हिशेब लावत असल्यासारखी माझ्या तोंडाकडं बघत राहिली.

"ती फुटल्याली ढेप," तिनं हळू विचारलं, "अर्धी हुती का? पिवळ्या कापडातली?"

"पिवळं कापड होतं खरं. का गं?"

"आमच्या घरी आली हुती. साहेबांनी धाडली म्हनून मानूस दिऊन गेला. गरिबाची कदर हाय म्हनला साहेबास्नी." तिचा आवाज खाली खाली जात होता. "म्या त्येचंच ग्वाड केलं वो, भागीच्या दिसाला. समद्या वाड्याला वाढलं. म्या बी खाल्लं, बाई."

मी तिचा हात धरला. तो तिनं सोडवून घेतला नाही, पण धरलाही नाही. थोड्या वेळानं ती वळली आणि डोंगराच्या वाटेनं चालू लागली. कठड्यावरचे पेढे तिथंच राहिले. जीप केव्हाच सुटली होती.

माझ्यावर भाऊसाहेबांची बदनामीची नोटीस यायला फार वेळ लागला नाही. सबनीस म्हणाले, दोन ओळींची माफी लिहून द्या, मी मिटवतो. मी लिहून दिली नाही. तोडकरांकडं गेले, म्हटलं, आता तरी छापा. ते म्हणाले, "आता नको, ताई. पुन्हा तेच मागं लागेल." त्यांच्या यंत्रावर थोरलीच्या लग्नपत्रिका चालल्या होत्या. मलाही एक दिली.

खटला माझ्यावर उभा राहिला, आणि या वेळी साहेबांच्या वकिलानं चूक केली नाही. हिंदूरावच्या साक्षीच्या दिवशी भाऊसाहेबांना कोर्टाकडं फिरकू दिलं नाही. समोरची खुर्ची रिकामी होती. तिच्याकडं एकवार नीट बघून घेऊन हिंदूरावनं घडाघडा सांगितलं, "ते ऐकून साहेबांबद्दलचा माझा आदर कमी झाला." इतका मोकळा आवाज मी त्याचा कधी ऐकला नव्हता. मला तर वाटतं, जन्मात तेवढं एक वाक्य तो मनापासून बोलला.

त्याला आता कितीतरी वर्षं झाली. माझा जबाब घ्यायच्या दिवशी मी व्हरांड्यात त्याच भिंतीला टेकून बसले होते. शेजारी सखू होती. मी तिचं नाव साक्षीदार म्हणून दिलं होतं, म्हणून तिला आत सोडणार नव्हते. पट्टेवाला तोच होता. त्यानं आमच्याकडं पाहिलं, नजर वळवली आणि घसा साफ केला.

"आरोपी अंजना लोहाऽर..."

"आलं बगा तुमचं नाव," सखू म्हणाली.

आत गेले. साक्षीदाराला देतात तशी शपथ देतील म्हणून मी थांबले होते, तर कारकून म्हणाला, आरोपीला शपथ नसते. न्यायाधीश नवे होते, तरुण होते, थकलेले दिसत होते.

"फिर्यादीबद्दल हे शब्द तुम्ही बोललात?"

"बोलले."

"कुणासमोर?"

उघड्या दारातून सखूचा पदर तेवढा दिसत होता.

"मुलीच्या आईसमोर," मी म्हटलं.

न्यायाधीशांनी मान हलवली आणि टंकलेखकाकडं वळून ते सांगू लागले, "आरोपीने सदर मजकूर एका त्रयस्थ व्यक्तीसमोर उच्चारल्याचे कबूल केले आहे."